मी काही ऐकलं नाही, अण्णा

अण्णांचे कान गेले म्हणून त्यांनी गिटारी करणं सोडलं, असं सांगलीत सांगतात. हळदीच्या पेठेमागच्या त्या बोळात आजही कुणाला विचारलंत तर हेच ऐकाल. मीही दहा वर्षं हेच सांगत आलो. खरी गोष्ट अशी, की अण्णांनी काम सोडलं तेव्हा त्यांचे कान तुमच्या-माझ्यापेक्षा धड होते. हे मला माहीत होतं. मला एकट्यालाच माहीत होतं, आणि मी बोललो नाही.

मी मुळातच अबोल आहे असं लोक समजतात. तसं नाही. तेही तेव्हापासूनचं.

अण्णा मिरजेच्या तंबोरे करणाऱ्या घराण्यातले. विशीत असताना त्यांच्याकडे कुणा परदेशी पाहुण्याची तडकलेली गिटार दुरुस्तीला आली. सिनेमातली नव्हे, जुन्या पद्धतीची, नुसत्या बोटांनी वाजवायची. अण्णांनी ती उघडली, आतला सगळा सांगाडा वर्तमानपत्रावर पेन्सिलीनं गिरवून घेतला आणि जोडून परत दिली. त्यानंतर त्यांनी तंबोऱ्याला हात लावला नाही. वडिलांनी घराबाहेर काढलं, तेव्हा ते सांगलीला आले. ते वर्तमानपत्र काच लावून भिंतीवर टांगलेलं असे. नवीन माणूस देवाचा फोटो समजून हात जोडायला जायचा आणि जवळ गेल्यावर त्याला गुळाचे बाजारभाव दिसायचे.

त्या गिटारीची मापं ज्या स्पॅनिश कारागिराची, तो मरून शंभरावर वर्षं झाली होती. अण्णा त्याला ‘म्हातारा’ म्हणत आणि तो पलीकडच्या गल्लीत राहत असल्यासारखे त्याच्यावर चिडत. “म्हाताऱ्यानं इथं पट्टी एवढी पातळ का केली? सांगून जायला काय झालं होतं?” या म्हाताऱ्यानं म्हणे एकदा गिटारीची पाठ आणि बाजू चक्क कागदाच्या लगद्याच्या केल्या, फक्त वरची फळी लाकडाची. का, तर लोकांना दाखवायचं होतं की वाजते ती वरची फळी; बाकीचं सगळं तिला धरून ठेवण्यापुरतं. ही गोष्ट अण्णांनी मला वीसेक वेळा तरी सांगितली असेल. दर वेळी शेवटी ते माझ्या छातीवर दोन बोटांनी टकटक करायचे. “तुमची वरची फळी अजून ओली आहे, वखारवाले.”

मी एका लाकडाच्या वखारीत मुकादम होतो. पाडलेल्या घरांचं जुनं लाकूड बघायला, उतरवून आणायला मीच जायचो, म्हणून त्यांची-माझी गाठ. माणसांचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार, ओली आणि वाळलेली. टीव्हीवर कुणी पुढारी तावातावानं बोलायला लागला की चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या म्हणायचे, “ओलं आहे. पावसाळ्यात वाकणार.” स्वतःबद्दल विचारलं की म्हणायचे, “मी वाळतोय.”

सगळ्यांना अहो-जाहो. बोळातलं कुत्रं दारात आलं तरी, “तुम्ही बाहेर बसा.” खोलीत घड्याळ नाही, पंखा नाही. शेंगा खात आलेल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवून ठेवत, का तर त्याच्या दातांत अजून कुडकुडतंय. पेठेतल्या हळदीनं खिडकीची कड पिवळी व्हायची, ती दिवसातून तीनदा पुसायचे. लाकूड घासायला पॉलिश-पेपर नाही, फुटक्या काचेचा तुकडा. काच लाकडावरून ओढली की जो बारीक आवाज होतो, त्यावरून त्यांना जाडी कळायची. मी मोजून पाहिलंय. चुकत नसत.

आणि रोज सकाळी दार उघडलं की ते खोलीच्या मधोमध उभे राहून मोठ्यानं म्हणायचे, “काय, झोप झाली का?”

छताच्या आडव्या बांबूला सात-आठ गिटारी टांगलेल्या असत. अण्णांचा आवाज थांबला की त्या हलकेच घुमायच्या. एक जाड आवाजात, एक बारीक, एक जरा उशिरा. यात जादू काही नाही. तार लावलेलं कुठलंही वाद्य माणसाच्या आवाजाला असं उत्तर देतं, आपण लक्ष देत नाही एवढंच. अण्णांचं सगळं काम मात्र यावर चालायचं. ते फळीशी बोलायचे, ऐकायचे, काच फिरवायचे, पुन्हा बोलायचे. फळी त्यांना नीट उत्तर देईपर्यंत महिना महिना. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा दारातच थांबलो होतो. भरल्या घरात आपण एकटेच न बोलता उभे आहोत, असं वाटलं.

लाकूड घेताना त्यांचा एकच प्रश्न असे. “कुणाचं?”

कुठल्या घरातलं, तिथं काय होतं, दाराचं की फडताळाचं, हे सगळं सांगावं लागे. एकदा मी शिसवीची सुंदर फळी नेली. एका म्हातारीच्या झोपाळ्याची होती. नातवांनी विकली होती, म्हातारी अजून होती. अण्णांनी फळीवरून हात फिरवला आणि परत माझ्या हातात दिली. “ज्याच्यावर कुणाचा जीव आहे ते मला नको. ते दुसऱ्याचं ऐकत नाही.”

तेव्हा मी हसलो होतो.

अण्णांना आयुष्यात एक गिटार म्हाताऱ्याच्या मापाबरहुकूम करायची होती, अर्ध्या सुताचाही फरक न करता. त्यासाठी वरची फळी देवदाराची हवी होती. दहा-बारा वर्षं घरात वाळलेली, सरळ रेषांची. आमच्याकडे देवदार कुठला? वर्षानुवर्षं ते विचारत राहिले. “मिळाला का?” “नाही, अण्णा.” “असू दे. मी वाळतोय तोवर.”

देवदार मला माहीत होता. तो आमच्या घरात होता.

कोरेगावकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. आमच्या घरातून दादा गेला, माझा थोरला भाऊ. डोंगरातल्या रस्त्यावर त्यांची गाडी दरीत गेली, तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो. त्याच्या सामानाबरोबर एक पेटी घरी आली. तिकडच्याच सुतारानं केलेली, देवदाराची. झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर. झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीच्या रेघा होत्या, ओळीनं, पाच-पाचच्या जुड्या. सुट्टीची वाट बघत दिवस मोजलेले. शेवटची जुडी अर्धीच होती.

आई रोज ती पेटी उघडायची. कपडे काढून पुन्हा घडी घालायची, त्या रेघांवरून बोट फिरवायची. पेटी उघडली की सगळ्या घरात तो वास पसरायचा. सणाचं पहिलं ताट पेटीपुढं. पाहुणे आले की आधी पेटीपाशी बसायचे. माझा आवाज अगदी दादासारखा होता, फोनवर त्याचे मित्रसुद्धा फसायचे. तो गेल्यावर एकदा मी दारातून “आये” म्हणून हाक मारली, तर आई आतून धावत आली. मला बघून थांबली. थोड्या वेळानं म्हणाली, “बाबा, एक ऐक माझं. घरात येताना आदी खोकत ये. मग मला कळंल तू हायस.”

वीस वर्षं मी माझ्या घरात खोकत गेलो.

हे मी सबब म्हणून सांगत नाही. पण खरं तेच सांगायला बसलोय, तर हेही लिहायला हवं, की पेटी नेली ती काही अण्णांवरच्या प्रेमानं नाही. मला ती घरातून जायला हवी होती. अण्णांनी एकदा मला ‘वाळलात हो’ म्हणावं, हीदेखील हाव होती. दोन्ही गोष्टी एकाच कामात होत होत्या. आई यात्रेला चार दिवस मावशीकडे गेली होती, तेव्हा मी कपडे एका पत्र्याच्या ट्रंकेत भरले आणि पेटी टेम्पोत घालून सांगलीला आणली.

वखारीत आल्यावर पेटी सुटी केली आणि झाकणाला दोन्ही बाजूंनी रंधा मारला. वरून नंबर गेला, आतून रेघा गेल्या. भुसा हातात घेतला तर त्याला दादाच्या स्वेटरचा वास होता. तो मी भट्टीवाल्याला देऊन टाकला.

“रंधा कशाला मारलात?” अण्णा आधी चिडले. मग त्यांनी फळी कानाशी धरून बोटानं वाजवली, पुन्हा पुन्हा वाजवली. कितीतरी वेळ. मग विचारलं, “कुणाचं?”

“साताऱ्याकडं एक बंगला पाडला. त्याच्या कपाटाचं.”

“कुणाचा जीव?”

“कुणाचा नाही. रिकामाच होता.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि माझ्या छातीवर हळूच टकटक केलं. या वेळी काही बोलले नाहीत.

गिटार सहा महिन्यांत उभी राहिली. त्या काळात मी फारसा गेलो नाही. वखारीत काम आहे म्हणून सांगायचो. एके दिवशी भर दुपारी गेलो. पेठ बंद होती, वीज गेलेली, बोळात चिटपाखरू नव्हतं. नवी गिटार अजून पॉलिश न केलेली, पांढरट, एकटीच वेगळ्या दोरीला टांगली होती. अण्णा पाठमोरे बसले होते.

मी उंबऱ्यातून म्हणालो, “अण्णा, जागं हायसा का?”

आणि गिटारीनं हुंकार दिला.

बाकीच्या गिटारींसारखं ते घुमणं नव्हतं. लहानपणी आम्ही दोघं एका वाकळेत झोपायचो. मी काही विचारलं की दादा अर्धवट झोपेत, तोंडावरून पांघरूण न काढता, ‘हूं’ म्हणायचा. ते तसं होतं. आखूड. आतून. मी थांबल्यावर आलेलं.

अण्णा ताडकन उठले. डोळ्यांत पाणी. “बोलली! आठ दिवस बोलावतोय, माझ्याशी एक शब्द नाही. परत बोला, वखारवाले. तेच बोला.”

मी गळ्याला हात लावला आणि कुजबुजलो, “घसा बसलाय.”

“आत्ता तर बोललात.”

मी मान हलवली.

मग वेगळंच सुरू झालं. ती गिटार अण्णांना उत्तर देईना. बाकीच्या द्यायच्या, ही नाही. त्यांनी भोकातून हात आत घालून, आरशाचा तुकडा धरून, आतल्या पट्ट्या कणाकणानं घासल्या. त्या पट्ट्यांना ते बरगड्या म्हणत. घासायचे आणि हाक मारायचे. घासायचे आणि हाक मारायचे. मग माणसं आणायला लागले. रिक्षावाला आणला, पोस्टमन आणला, हळदीच्या सौद्यात बोली पुकारणारा तो दांडगा माणूस आणला. तो खोलीत उभा राहून ओरडला, “काय करायचं म्हनता अण्णा, हिचा लिलाव करू व्हय?” सगळ्या गिटारी घुमल्या. ही गप्प.

“वखारवाल्यांना बोलावलं पाहिजे,” अण्णा म्हणत राहिले. मी गेलो की ज्येष्ठमधाचा काढा तयार असायचा. समोर बसून पाजायचे. “घ्या, संपवा. उद्या मोकळा होईल बघा घसा.” मी तो काढा प्यायचो आणि कुजबुजत ‘बरं’ म्हणायचो. वखारीत मी हमालांवर ओरडत होतो. बोळाच्या तोंडाशी आलो की माझा आवाज जायचा. असे दोन महिने. एकदा काढा पिऊन निघताना पायरीवर ठेच लागली आणि तोंडातून “आई गं” निघालं. आतून उत्तर आलं. अण्णा तेव्हा मागच्या अंगणात होते. मी चपला हातात घेऊन पळालो.

मी एवढंच म्हणायला हवं होतं, की अण्णा, ही फळी माझ्या भावाच्या पेटीची आहे. किंवा तेही नको. नुसतं मोठ्यानं काहीही बोलायला हवं होतं. पण बोललो असतो तर अण्णांनी विचारलं असतं, ‘तुम्हालाच का?’ आणि मग ‘कुणाचं?’ आणि मग ते उठून आईकडे गेले असते, फळी परत द्यायला. ते गेलेच असते. आईला मी सांगितलं होतं की पेटीला वाळवी लागली होती, जाळून टाकली. ती रडली नाही. “राख तरी आनायची हुतीस,” एवढंच म्हणाली.

शेवटी एक दिवस अण्णांनी मला समोर बसवलं. बरेच बारीक झाले होते. “मी एकच विचारतो,” ते म्हणाले. “त्या दुपारी ही बोलली. तुम्हीही ऐकलंत ना? नुसती मान हलवा.”

त्यांचा चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता. ते माझ्या उत्तरावर टांगलेले होते, हे मला स्पष्ट दिसत होतं.

“मी काही ऐकलं नाही, अण्णा,” मी कुजबुजलो.

त्यांनी मांडीवरचा भुसा झटकला. मग म्हणाले, “बरं.”

दुसऱ्या दिवशी ते कानाच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी वयोमानानुसार थोडं कमी आहे, काळजीचं कारण नाही, असं सांगितलं. अण्णांनी त्यातलं ‘कमी आहे’ तेवढं घेतलं. ज्या माणसाला नसलेला आवाज ऐकू येतो, त्यानं लाकडाला हात लावू नये, असं त्यांनी टपरीवर सगळ्यांना सांगितलं. हसत सांगितलं. मग खोलीत जाऊन बांबूवरच्या सगळ्या गिटारींच्या तारा सैल करत बसले. मी दारात उभा होतो. एकेक पिळा सुटत होता आणि आवाज खाली खाली जात नाहीसा होत होता. शेवटची झाल्यावर त्यांनी सवयीनं विचारलं, “काय, झोप झाली का?” खोलीत काहीच हललं नाही. तसलं गप्पपण मी दादाच्या दहाव्यालासुद्धा ऐकलं नव्हतं.

गिटारी त्यांनी वाटून टाकल्या आणि वाईला विधवा बहिणीकडे गेले. ती एक तेवढी बरोबर नेली. तिच्या तारा त्यांनी सोडल्या नव्हत्या.

आई गेल्या वर्षी गेली. शेवटपर्यंत मी खोकतच घरात शिरत होतो. तिचे दिवस झाले आणि मी एसटीनं वाईला गेलो. घाटाच्या मागे, दोन खोल्यांचं घर. बहीण शाळेत शिकवायची, आता निवृत्त. दारातच म्हणाली, “कितीही मोठ्यानं बोलाल तरी उपयोग नाही. दोन वर्षं झाली, कान पार गेले.” म्हणजे सांगलीकर शेवटी खरे ठरले होते.

अण्णा खिडकीशी बसले होते. गिटार मांडीवर आडवी. वाजवत नव्हते, त्यांना वाजवता कधी येतच नव्हतं. मला बघून चेहरा उजळला.

“वखारवाले! घसा बरा झाला का?”

मी त्यांच्यासमोर खाली बसलो. बोलणं भाग होतं, आणि ऐकायला कुणी नव्हतं. कदाचित म्हणूनच जमलं. दहा वर्षांत पहिल्यांदा मी अण्णांपुढे पूर्ण आवाजात बोललो. “अण्णा, ते लाकूड माझ्या दादाचं होतं.”

त्यांच्या मांडीवर हुंकार आला. मी ऐकला. अण्णांनी ऐकला नाही, पण त्यांचा फळीवरचा तळवा चटका बसल्यासारखा उचलला गेला. मग त्यांनी तो पुन्हा ठेवला, हळूच, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा.

“बोला,” ते म्हणाले.

मी बोलत गेलो. इथं लिहिलंय ते सगळं. पेटी, रेघा, रंधा, बंगल्याचं खोटं, काढा, ठेच, ते वाक्य. अण्णा मान डोलावत होते. त्यांना त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं. ते हसत होते, गालावरून पाणी ओघळत होतं. मध्येच ओरडले, “मी म्हणत नव्हतो? माझे कान ठीक होते! ही बोलत होती! तुम्हाला तेव्हा ऐकू आलं नसेल, तुम्ही ओले होतात!” आणि मोकळ्या हातानं माझ्या छातीवर टकटक केलं. “आता बोला. थांबायचं नाही.”

मी आणखी सांगितलं. आईनं राख मागितली ते सांगितलं. आई जाताना तिनं कुणाच्या नावानं हाक मारली ते सांगितलं. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही. मी तोंड पुसलं आणि गप्प बसलो. घाटावर कुणीतरी धुणं आपटत होतं, तेही थांबलं.

“असंच,” अण्णा म्हणाले. डोळे मिटलेले, तळवा फळीवर सपाट, करंगळी बारीक थरथरत होती. “चांगलं चाललंय. घाई नाही. बोला, बोला.”

दारात त्यांची बहीण चहाचे कप घेऊन उभी होती. कधीपासून उभी होती कोण जाणे. तिनं एकदा गिटारीकडे बघितलं, आणि मग माझ्या तोंडाकडे.

माझं तोंड मिटलेलं होतं.